कंबर आधी की मन आधी? क्लिनिकचं चौदा थेरपींचं पत्रक समोर ठेवून बसले आहे

अबोली
नमस्कार. इथे बरीच वर्षं वाचते आहे, लिहिते पहिल्यांदाच. थोडं लांबेल, पण निम्मं सांगून सल्ला मागण्यात अर्थ नाही.

वय ४७, राहणार डोंबिवली पूर्व. पतसंस्थेत रोखपाल आहे, म्हणजे दहा ते पाच खुर्चीत. सासूबाईंना अर्धांगवायूचा झटका आला आणि त्या अडीच वर्षं अंथरुणावर होत्या. उजवी बाजू गेली होती, बोलणंही अर्धवट. दिवसा एक मावशी यायच्या, रात्र माझी. ठरावीक वेळाने कूस बदलावी लागायची, नाहीतर पाठीला जखमा होतात. कमोडच्या खुर्चीवर बसवायचं तर काखेत हात घालून मी एकटीच उचलायचे. त्यांचं वजन ६२ किलो, माझं ५४. मार्गशीर्षात त्या गेल्या.

कंबर त्याआधी वर्षभर दुखत होतीच, पण तेव्हा तिच्याकडे बघायला वेळ नव्हता. आता सकाळी उठताना पलंगाची कड धरून उठते. काउंटरवर तासभर बसलं की डाव्या कुल्ल्यापासून मांडीच्या मागपर्यंत ओढ लागते. एमआरआय केला. रिपोर्टात 'एल ४-एल ५ डिस्क बल्ज' लिहिलंय. ते वाचल्यापासून वाकायचीसुद्धा भीती वाटते. खाली पडलेलं नाणं शिपायाला उचलायला सांगते.

दुसरी गोष्ट झोपेची. रात्री पावणेतीनला डोळे उघडतात. ती त्यांची कूस बदलायची वेळ. भाड्याने आणलेला हँडलचा पलंग केव्हाच परत गेला, पण हॉलच्या फरशीवर त्याच्या चार पायांचे गंजाचे ठसे राहिलेत. लिंबू लावलं, सोडा लावला, जात नाहीत. मी उठून तिथे जाते, त्या चार ठशांच्या मध्ये उभी राहते, आणि मग सकाळपर्यंत झोप नाही. दिवसभर कशात जीव रमत नाही. मागच्या महिन्यात हिशेबात दोनदा फरक आला. एकोणीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

आता मुख्य मुद्दा. आमच्या भागात एक मोठं वेलनेस क्लिनिक निघालंय, तिथे गेले होते. सुरुवातीची तपासणी मोफत होती. एका मुलीने टॅबवर वीसेक प्रश्न विचारले आणि दहा मिनिटांत छापील पत्रक हातात दिलं. त्यात फिजिओथेरपी, ड्राय नीडलिंग, कपिंग, कायरोप्रॅक्टिक, अ‍ॅक्युपंक्चर, कटिबस्ती, शिरोधारा, योगथेरपी, ध्यान, साउंड हीलिंग, रेकी, संमोहन, इनर चाइल्ड हीलिंग आणि समुपदेशन. तीन महिन्यांत २४ बैठका, कुठल्याही निवडा, ४२ हजार. आज भरले तर ३६ हजार. माझ्या कंबरेला तिथे कोणी हात लावला नाही. घरात काय झालं तेही कोणी विचारलं नाही.

पैसे भरले नाहीत, उद्या सांगते म्हणून निघाले. आमचे हे म्हणतात मालिश करून घे, बरं वाटेल. मुलगी पुण्यात शिकते, ती म्हणते आई तू आधी समुपदेशकाकडे जा. मला स्वतःला कळत नाही की आधी कंबर धरू की मन. दोन्ही एकदम चालतं का? चौदातलं नेमकं काय घ्यावं? आणि समोरचा माणूस खरोखर शिकलेला आहे हे आपल्यासारख्याने ओळखायचं कसं? एवढे पैसे एकदम टाकायची ऐपत नाही, म्हणून पहिलं पाऊल चुकायला नको आहे.

सह्यकडा
ताई, तुम्ही पैसे न भरता उठून आलात हे फार चांगलं केलंत.

माझा अनुभव कटिबस्तीचा आहे, तेवढाच सांगतो. मी वाई तालुक्यातला, हळदीची शेती. चार वर्षांपूर्वी कंबर धरली होती. आमच्याकडच्या वैद्यांनी आधी अर्धा तास बसवून विचारलं: पोट साफ होतं का, झोप कशी, ओझं किती उचलता, कुठल्या हालचालीला कळ येते. पायाची ताकद बघितली, मग म्हणाले करू या. कंबरेवर उडदाच्या पिठाचं आळं करतात, त्यात कोमट तेल ओततात, निवलं की बदलतात. पालथं पडून राहायचं. त्या सात दिवसांत मला जे सुख मिळालं ते शब्दांत सांगता येणार नाही, कारण वर्षभरात पहिल्यांदा कोणीतरी माझ्या कंबरेची काळजी घेत होतं.

पण महिन्याभराने दुखणं परत आलं. वैद्य सरळ म्हणाले, तेलाने स्नायू सैल झाले, ताकद तुम्हालाच आणावी लागेल. व्यायाम लावला, ओझं उचलायची पद्धत बदलायला लावली, तेव्हापासून ठीक आहे. एक सांगतो, पोटातली औषधं कोणी दिली तर कशाची आहेत ते विचारा. धातूंची भस्मं असलेली औषधं नोंदणीकृत वैद्याच्या देखरेखीशिवाय घेऊ नका.

रेषा
अबोलीताई, मी फिजिओथेरपिस्ट आहे, सोळा वर्षं एका पालिका रुग्णालयाच्या ओपीडीत. तुमच्यासारख्या बायका रोज बघते. आजारी माणसाची सेवा करणाऱ्या घरच्या बाईची कंबर हे आमच्याकडचं नेहमीचं दुखणं आहे आणि त्याबद्दल कोणी बोलत नाही. रुग्णाला उचलायचं कसं हे घरच्यांना शिकवलंच जात नाही. काखेत हात घालून उचललं की सगळा भार तुमच्या कंबरेवर येतो, आणि अर्धांगवायूच्या रुग्णाचा खांदाही त्याने दुखावतो. डिस्चार्जच्या दिवशी वॉर्डात दहा मिनिटं कोणी दाखवलं असतं तर तुमचं हे दुखणं पुष्कळ टळलं असतं. यात तुमची चूक काहीच नाही.

आधी धोक्याच्या खुणा. लघवी किंवा शौचावरचा ताबा सुटणं, बसताना खुर्चीला टेकतो त्या भागात बधिरपणा, पायातली ताकद कमी होत जाणं (पाऊल फरशीवर घासतं, चप्पल निसटते), दुखण्याबरोबर ताप किंवा वजन घटणं, पूर्वी कॅन्सर होऊन गेलेला असणं. पहिल्या तिन्हींपैकी एक जरी असेल तर थेरपीचा विचार बाजूला ठेवून त्याच दिवशी हॉस्पिटल. बाकीची असेल तर आधी डॉक्टर. तुमच्या लिहिण्यात यातलं काही दिसत नाही, पण स्वतःला एकदा विचारा.

आता त्या रिपोर्टाबद्दल. 'बल्ज' म्हणजे मणक्यांमधली चकती थोडी बाहेर फुगणं. तो शब्द वाचून घाबरून गेलेल्या माणसांना सावरण्यात माझा अर्धा दिवस जातो. ज्यांची कंबर अजिबात दुखत नाही अशा लोकांचे स्कॅन बघणाऱ्या अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात चाळिशीच्या निरोगी लोकांपैकी साधारण ५० टक्के आणि पन्नाशीच्या ६० टक्के लोकांत बल्ज सापडला होता. केस पिकावेत तसं हे आहे. तेव्हा नाणं पडलं तर तुम्ही स्वतः वाका. गुडघे थोडे मोडा, श्वास सोडत खाली जा, पण वाका. हालचाल बंद केली की स्नायू अजून आखडतात आणि भीती पक्की होते.

पत्रकातल्या शारीरिक उपचारांपैकी माझं मत विचाराल तर फिजिओथेरपी, तीही व्यायामाची. मशीनची नव्हे. हे स्पष्ट सांगते, कारण पुष्कळ ठिकाणी फिजिओ म्हणजे वीस मिनिटं शेक, पंधरा मिनिटं करंट, दहा मिनिटं ट्रॅक्शन (म्हणजे कंबर ओढून ताणणं) आणि मग 'उद्या या'. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात व्यायाम, दुखण्याविषयीचं शिक्षण आणि मानसिक उपचार यांची शिफारस आहे, मसाज आणि हाताने मणके हलवून करायच्या उपचारालाही जागा दिली आहे. ट्रॅक्शन आणि कंबरपट्टा मात्र नेहमीच्या उपचारात नको असं म्हटलंय. तुमचे यजमान मालिश म्हणतात त्यात चूक नाही, तात्पुरता आराम मिळेल. पण मालिशच्या आधाराने व्यायाम सुरू झाला पाहिजे.

पहिल्या भेटीत फिजिओने काय करायला हवं? तुम्हाला पुढे, मागे, बाजूला वाकवून बघायचं. पाय सरळ उचलून बघायचा. टाचांवर आणि चवड्यांवर चालवायचं. गुडघ्यावर आणि टाचेवर हातोडी मारून प्रतिक्षिप्त क्रिया बघायची. दिवसभर कसं बसता, रात्री कशी झोप लागते ते विचारायचं. यातलं काहीही न करता कोणी थेट टेबलावर झोपवून तार लावली तर उठून या. आपल्या राज्यात ऑक्युपेशनल थेरपी आणि फिजिओथेरपीची स्वतंत्र परिषद आहे, तिचा नोंदणी क्रमांक मागा. शिकलेला माणूस त्याचा राग मानत नाही.

पुढची भेट होईपर्यंत: काउंटरवर दर अर्ध्या तासाने उभ्या राहा, नोटा मोजताना उभ्याने मोजल्या तरी चालतात. रोज वीस मिनिटं सपाट रस्त्यावर चाला. सकाळी अंथरुणातच गुडघे मोडून, टाचा टेकवून कंबर हळू वर उचला, पाच मोजा, खाली आणा. आठ वेळा. आम्ही त्याला पूल म्हणतो. पायात कळ वाढत गेली तर थांबा.

मन आधी की कंबर हा प्रश्न मला पडत नाही. झोप मोडली की दुखणं जास्त जाणवतं, आणि दुखलं की झोप मोडते. दोन टोकांनी एकदम धरा. फक्त दोन टोकांना दोनच माणसं असू देत, चौदा नकोत.

निशिगंध
नमस्कार ताई. मी एसटीत चालक होतो, २९ वर्षं. आता निवृत्त आहे, सोलापूरकडचा. मनाच्या उपचारात मी पैसे आणि दोन वर्षं घालवली, म्हणून लिहितो. हे मी घराबाहेर कुणाला सांगितलेलं नाही.

निवृत्तीला पाच वर्षं राहिली होती तेव्हा घाटात एक मोटारसायकलवाला वळणावर घसरून माझ्या गाडीखाली आला. पोरगा पंचविशीतला. चौकशीत माझी चूक निघाली नाही. पंधरा दिवसांनी ड्युटीवर हजर झालो. पण त्या वळणाजवळ आलो की हाताला घाम सुटून स्टिअरिंग निसटायचं. रात्री तो हेल्मेटचा आवाज. टिकटिक असा नाही, नारळ फोडल्यासारखा. देवळात कुणी नारळ फोडला की मी बाहेर येऊन उभा राहायचो. घरच्यांना वाटलं बाहेरचं काही लागलं.

मेहुण्याने शहरातल्या एका सेंटरवर नेलं. आधी रेकी घेतली, म्हणजे हात धरून अंगात ऊर्जा सोडतो म्हणतात ती. बाई मनाने चांगल्या होत्या, पाऊण तास शांत पडून राहिलो की बरं वाटायचं, बस स्टँडपर्यंत यायचो तोवर पुन्हा तेच. मग तिथल्याच एकाने संमोहन सुचवलं. त्याच्याकडे भिंतीवर तीन सर्टिफिकेटं होती, नंतर कळलं तिन्ही शनिवार-रविवारच्या वर्गांची. त्याने पहिल्याच दिवशी डोळे मिटायला लावून मला थेट त्या घाटात नेलं. काही तयारी नाही, मागे कसं आणायचं याची व्यवस्था नाही. मी किंचाळत उठलो. पुढचे दहा दिवस जेवण गेलं नाही. त्याने वर सांगितलं की हे मोकळं होतंय, अजून सहा बैठका घ्या. बायको माझी निरक्षर, पण ती म्हणाली, जो माणूस तुमची ही अवस्था बघून पुढच्या बैठकीचे पैसे मागतो त्याच्याकडे जायचं नाही.

मग जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात गेलो. लाकडी बाक, पुढे चाळीस माणसं, दोन तास थांबलो. आत डॉक्टरांनी मला पहिल्यांदा माझ्या त्रासाचं नाव सांगितलं. आघातानंतरचा ताण, पीटीएसडी. ताई, ते नाव ऐकून मला जो हलकेपणा आला तो सांगतो. दोन वर्षं मी स्वतःला भित्रा समजत होतो. नाव कळलं आणि कळलं की हा आजार आहे, त्याचे ठरलेले उपचार आहेत. गोळ्या दिल्या, सांगितलं की लगेच फरक दिसणार नाही, दोन ते चार आठवडे धीर धरा. आणि पुण्याच्या एका क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे पाठवलं.

त्या ताईंनी पहिल्या तीन भेटींत अपघाताचं एक अक्षर काढलं नाही. फक्त घाबरं व्हायला लागलं की पाय जमिनीवर कसे दाबायचे, आजूबाजूच्या पाच वस्तू कशा मोजायच्या, श्वास लांब कसा सोडायचा हे शिकवलं. 'हे हातात आलं की मग घाटात जाऊ, आणि तुम्ही थांब म्हणालात की थांबू.' त्यानंतर ईएमडीआर नावाची पद्धत वापरली. तो प्रसंग मनात धरून त्यांच्या बोटामागे डोळे उजवी-डावीकडे फिरवायचे, मध्ये थांबून काय आलं ते सांगायचं. मला वाटलं ही पण रेकीसारखीच गत. मी तसं विचारलंही. त्या चिडल्या नाहीत. म्हणाल्या, ही पद्धत जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ सालीच या आजारासाठी मान्य केली आहे, आणि सहा बैठकांत फरक दिसला नाही तर आपण दुसरं बघू. अकरा बैठका झाल्या. निवृत्तीआधीचं शेवटचं वर्ष मी त्याच घाटातून गाडी काढली.

तेव्हा पत्रकावरनं थेरपी निवडू नका असं माझं कळकळीचं सांगणं आहे. आधी नाव काढून घ्या. माझ्या त्रासावरचा इलाज तुमच्या त्रासाला लागू नाही, तुमचा तर माझ्याहून निराळाच दिसतो. आणि जो माणूस आधी तुमचं ऐकतो, काय करणार ते सांगतो, किती भेटींत काय दिसायला हवं ते सांगतो, त्याच्याकडे जा. तुम्ही सासूबाईंची सेवा केलीत. माझी आई अशीच गेली, सगळं माझ्या बायकोने केलं. तिची कंबर मी कधी विचारली नाही. आता विचारतो.

पारिजात
मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे. निशिगंधकाका, तुम्ही लिहिलंत त्यापुढे माझं पुस्तकी सांगणं फिकं आहे, पण अबोलीताईंनी 'ओळखायचं कसं' विचारलंय त्याचं उत्तर द्यायला हवं.

मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे आधी एमबीबीएस, मग मनोविकारशास्त्रात एमडी, डीएनबी किंवा डिप्लोमा. ते औषध देऊ शकतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे असते. आम्ही औषध देत नाही, तपासणी आणि थेरपी करतो. समुपदेशक हा शब्द मात्र कुणीही पाटीवर लावू शकतो. मानसशास्त्रात एमए करून, वरिष्ठांच्या देखरेखीखाली वर्षानुवर्षं काम केलेले फार उत्तम समुपदेशक आहेत, आणि दोन दिवसांचं शिबिर केलेलेही आहेत. म्हणून थेट विचारा: शिक्षण काय, कुठे काम केलं, तुमच्या कामावर देखरेख कोण करतं? देखरेखीच्या प्रश्नावर जो गडबडतो त्याच्याबद्दल मी सावध होईन.

तुमच्याबद्दल मी इथून निदान करणार नाही, पण तीन गोष्टी वेगवेगळ्या करून बघायला हव्यात असं वाटतं. पहिली दुःख. पाच महिने झालेत. दुःख हा आजार नाही. ते सहा महिन्यांच्या पुढेही तितकंच तीव्र राहिलं, रोजचं जगणं अडू लागलं, तर त्याला दीर्घकालीन शोकविकार म्हणतात आणि त्याची वेगळी थेरपी आहे. दुसरी नैराश्य. पीएचक्यू-९ नावाची नऊ प्रश्नांची प्रश्नावली आहे, मराठीतही आहे. गुण शून्य ते २७, दहा किंवा जास्त आले तर तज्ज्ञाला भेटलंच पाहिजे. त्यातला शेवटचा प्रश्न मी तुम्हाला इथेच विचारते: आपण नसतो तर बरं झालं असतं, असं मनात येतं का? येत असेल तर आजच १४४१६ वर फोन करा. टेलिमानस, सरकारी सेवा, २०२२ पासून सुरू आहे, चोवीस तास, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत.

तिसरी झोप, आणि माझ्या मते तुम्ही मनाच्या बाजूने इथून सुरुवात करू शकता. अडीच वर्षं शरीराला पावणेतीनला उठायची सवय तुम्ही लावलीत, प्रेमाने लावलीत. ती आपोआप जात नाही. निद्रानाशासाठीची सीबीटी म्हणून एक उपचार आहे, झोपेबद्दलचे विचार आणि सवयी बदलायचा, गोळीशिवायचा. अमेरिकेतल्या फिजिशियन डॉक्टरांच्या संघटनेने २०१६ मध्ये जुनाट निद्रानाशाला झोपेच्या गोळीआधी हा उपचार द्या असं सांगितलं. चार ते आठ बैठका पुरतात. उठण्याची वेळ सातही दिवस एकच ठेवायची. झोप आली तरच अंथरुणावर जायचं. जाग आली आणि वीसेक मिनिटांत डोळा लागला नाही तर उठून दुसरीकडे बसायचं, मंद दिव्यात काहीतरी कंटाळवाणं करायचं, पेंग आली की परत. घड्याळ भिंतीकडे तोंड करून ठेवायचं. दोन आठवडे झोपेची वही लिहायची. अंथरुणातला वेळ कमी करण्याचा भाग आहे तो मात्र थेरपिस्टच्या देखरेखीखालीच करा.

उठाल तेव्हा त्या चार ठशांपाशी जाऊ नका, असं मी एवढ्यात म्हणणार नाही. ते ठसे काय सांगतात हे थेरपीत कुणाशी तरी बोलायला हवं. दिवसा, उजेडात.

आणि आधी रक्त तपासा: थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२. शाकाहारी असाल तर बी-१२ नक्की. वय ४७ आहे, पाळी जायच्या सुमाराला मध्यरात्री घाम येऊन जाग येते, तेही स्त्रीरोगतज्ज्ञांना सांगा. यातलं काही निघालं तर ३६ हजारांची कुठलीही थेरपी त्यावर चालणार नाही.

साउंड हीलिंग, शिरोधारा, ध्यान यांनी शांत वाटत असेल आणि पैसे असतील तर जरूर घ्या, पण आराम म्हणून. ठाण्यात आयपीएच ही मानसिक आरोग्याचं काम करणारी संस्था १९९० पासून आहे, मुंबईत केईएम आणि सायनला मानसोपचाराची ओपीडी आहे. तुम्हाला दोन्हीकडे जाणं अवघड नाही.

अबोली
सात आठवड्यांनी लिहिते आहे. सगळ्यांचे उपकार आहेत, एकेकाचं नाव घेत नाही.

पारिजात, तुमच्या प्रश्नाचं उत्तर नाही असं आहे. तसं मनात आलं नाही. पण प्रश्न वाचून मी बराच वेळ रडले, कारण इतक्या सरळ मला कुणी विचारलंच नव्हतं.

पॅकेज घेतलं नाही. त्यांचे अजून फोन येतात. आधी रक्त तपासलं. बी-१२ फारच कमी निघालं, इंजेक्शनं सुरू आहेत. थायरॉइड ठीक.

कंबरेसाठी स्टेशनजवळच्या एका साध्या फिजिओ ताईंकडे जाते, आठवड्यातून एकदा, ५०० रुपये. रेषाताई, तुम्ही लिहिलेलं सगळं त्यांनी केलं: टाचांवर चालवलं, हातोडी मारली. दुसऱ्या भेटीत त्यांनी एक पाच किलोची तांदळाची पिशवी जमिनीवर ठेवली आणि म्हणाल्या, उचला. मी उभीच राहिले. पाच मिनिटं तरी गेली असतील. मग उचलली. काही झालं नाही. आता ती दहा किलोची झाली आहे. ओढ मांडीपर्यंत यायची ती कुल्ल्यापर्यंतच राहते, रोज नाही.

झोपेसाठी ठाण्याला एका क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे जाते, पाच भेटी झाल्या. पीएचक्यू-९ चे गुण सुरुवातीला तेरा होते, आता आठ. वही लिहिते आहे. अजून जाग येते, पण आठवड्यातून तीनदा, आणि त्यातल्या एखाद्या रात्री परत झोपही लागते. चौथ्या भेटीत ठशांबद्दल बोललो. शेवटच्या महिन्यात मी एकदा त्यांच्यावर ओरडले होते, कूस बदलताना. त्या काही बोलू शकल्या नाहीत, फक्त डाव्या हाताने माझा हात धरून ठेवला. हे मी आमच्या ह्यांनाही सांगितलं नव्हतं. त्या दिवशी घरी येऊन सांगितलं. ते म्हणाले, मी बाजूच्या खोलीत जागा होतो, मला ऐकू आलं होतं, उठायला हवं होतं. नंतर बराच वेळ आम्ही दोघं हॉलमध्येच बसलो होतो.

फरशी तशीच आहे. पुसायची घाई नाही असं ठरवलंय.

निशिगंधदादा, तुमच्या पत्नींना माझा नमस्कार सांगा.

रेषाताई, एक विचारायचं होतं. पुलाच्या व्यायामात कंबर वर नेली की डाव्या मांडीच्या मागे पेटका येतो. आमच्या ताई गावी गेल्यात, सोमवारी येतील. तोवर करू का थांबवू?

रेषा
करा ताई. टाचा कुल्ल्याच्या थोड्या जवळ घ्या आणि कंबर आता नेता त्याच्या निम्मीच वर उचला. टाचेने जमीन स्वतःकडे ओढू नका, सरळ खाली दाबा. पेटका आलाच तर पाय लांब करून पाऊल स्वतःकडे ताणा. एवढं करूनही रोज येत असेल किंवा पायात बधिरपणा वाटला तर सोमवारपर्यंत थांबवा आणि त्यांना दाखवा. तांदळाची पिशवी चालू ठेवा.